कुठल्या नदीच्या काठी

आईचा फोन चुकीच्या वेळी आला. एरवी तो संध्याकाळी येतो, तिची ड्यूटी संपली की. केस सोडलेले, हातात कॉफीचा मोठा मग आणि पहिलं वाक्य ठरलेलं, काय खाल्लं? आज भर दुपारी, क्लासहून परत येताना, मुकुंदवाडीच्या सिग्नलला शेअर रिक्षा थांबलेली असताना मोबाइल मांडीवर थरथरला. स्क्रीनवर आई होती, पण युनिफॉर्ममध्ये, पांढऱ्या भिंतीला टेकून उभी, आणि काही बोलतच नव्हती. मला वाटलं नेटवर्क गेलं. म्हणाले, "आई, अडकलीयेस तू, हलत नाहीयेस." तेवढ्यात तिनं डोळे मिटले आणि उघडले. म्हणजे नेटवर्क होतं. जालना रोड होता, पुढच्या टेम्पोतले कोंबडीचे पिंजरे होते, शेजारच्या काकूंची मेथीची जुडी माझ्या नाकाशी होती, सगळं जागच्या जागी होतं, फक्त माझी आई बोलत नव्हती. सायली माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "आत्या, काय झालं गं? बरी हायस ना?" सायली माझी मामेबहीण, देवगाव रंगारीची, दहावीसाठी आमच्याकडे राहते आणि माझ्या आईची काळजी माझ्याआधी करते. आई म्हणाली, "हेडविगआजी गेल्या गं." आणि मग, जरा थांबून, "ओवी, मी काहीतरी केलंय. तात्यांना विचारशील?"

आई जर्मनीत नर्स आहे. हॉस्पिटलात नाही, म्हाताऱ्या माणसांच्या एका मोठ्या घरात. त्या गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, पण गावातून वेझर नदी वाहते हे पाठ आहे, कारण आई रोज तिच्या पुलावरून कामाला जाते. पहिल्या हिवाळ्यात तिनं पुलावर उभं राहून व्हिडिओ लावला होता. बघ, म्हणाली, एवढं पाणी, पण घाट नाही, पायऱ्या नाहीत, येणारंजाणारं कुणी हात जोडत नाही. नदीला कसं वाटत असेल? मी तेव्हा हसले होते. माझी आई असले प्रश्न विचारणाऱ्यातली नव्हती. ती घाईतली होती. घाटीच्या, म्हणजे सरकारी हॉस्पिटलच्या, बाजूच्या एका दवाखान्यात ड्यूटी, मग घर, मग डबे. देवाचं म्हणाल तर तिचं दिवाळीत लक्ष्मीपूजनापुरतं आणि मला ताप आला की तेवढ्यापुरतं. हेडविगआजी मला माहीत होत्या. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या आणि आईचं जर्मन चुकलं की चमचा बशीवर टणकन वाजवायच्या. त्यांना कुणी नव्हतं. आज सकाळी त्यांचा श्वास बदलला. चर्चमधून पाद्रीबाबांना बोलावलं होतं, ते वाटेत होते. आजींनी आईचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, तुझ्या भाषेतलं काहीतरी म्हण. आणि आईला काही म्हणजे काहीच आठवेना. आरती नाही, श्लोक नाही, नुसतं राम म्हणावं तर तेसुद्धा नाही. मग तिच्या तोंडून जे आलं ते ऐकून मी रिक्षात, काकूंच्या मेथीशेजारी, ताठ बसले. आईच्या तोंडून तात्यांचा संकल्प आला.

हे सांगायला मला आमच्या स्वयंपाकघरात जावं लागतं. आमचा फ्लॅट चिकलठाण्याकडे, विमानतळापासून एवढा जवळ की विमान उतरताना चहाच्या कपात वर्तुळं उठतात. तात्या म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी त्यांनी भिक्षुकी केली, मग तहसिलात कारकुनी केली, आणि आता निवृत्त होऊन फक्त स्वतःच्या देवांची पूजा करतात. त्यांच्या खोलीतलं देवघर आणि स्वयंपाकघराचा ओटा यांच्यात एकच भिंत आहे, विटेची, पातळ. पूजेला बसलं की तात्या आधी संकल्प सांगतात. म्हणजे उजव्या तळहातावर पाणी घेऊन मोठ्यानं सांगायचं, आज कुठली तिथी, कुठला वार, मी कुठल्या देशात, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर बसलोय, मी कोण, आणि आता काय करणार आहे. मग ते पाणी सोडायचं. दंडकारण्ये देशे गोदावर्याः उत्तरे तीरे, हे मी बोबडी होते तेव्हापासून ऐकतेय, मला वाटायचं आपला पत्ताच आहे तो, पिनकोडच्या आधी लिहायचा. आणि भिंतीच्या अलीकडे आई पोळ्या लाटायची. माझ्या जन्माच्या आधीपासून, रोज, तीच वेळ, तोच आवाज, तव्यावर पोळी फुगायची आणि पलीकडे तिथी बदलायची. कुणी तिला शिकवलं नाही, तिनंही शिकायचं ठरवलं नाही, घराचा वास अंगाला लागतो तसं ते तिला लागलं. आई शेतकऱ्याची मुलगी, बाबांशी दवाखान्यात ओळख झाली, लग्न झालं. तात्या लग्नाला आले, आशीर्वाद दिला, सुनेला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. फक्त देवांचं सगळं ते एकटे करायचे. आई परडीत फुलं काढून आणायची आणि परडी त्यांच्या खोलीच्या दाराशी ठेवायची. आत नाही, दाराशी. त्यावरून आमच्या घरात कधी भांडण झालं नाही, साधा शब्दसुद्धा निघाला नाही, आणि आता वाटतं, निघायला हवा होता. आई जर्मनीला जायचं म्हणाली तेव्हासुद्धा तात्या एवढंच म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा." तेव्हापासून ते फोनवर येत नाहीत. आई विचारते, तात्या कसेत. तात्या विचारतात, उमा बरी आहे ना. मध्ये मी.

"मी म्हटलं गोदावरीच्या उत्तर तीरावर," आई रिक्षातल्या माझ्या हातात बोलत होती, "आणि त्या माझ्याकडे बघत होत्या गं, अगदी लक्ष देऊन, शाळेत ऐकतात तसं. शेवटी सांगायचं असतं ना की मी आता हे करणार आहे, ते मला ठाऊकच नव्हतं. तात्यांचा आवाज तिथं नेहमी बारीक व्हायचा आणि माझी पोळी जळायला यायची. मी तिथं थांबले. आणि त्या गेल्या. मग आम्ही खिडकी उघडली, इथं माणूस गेलं की उघडतात." मग ती रडली. "मरणाऱ्या बाईला मी खोटा पत्ता सांगितला, ओवी. आणि मला ते म्हणायचा अधिकार तरी होता का? तात्यांना विचार. ते म्हणाले की चुकलं, तर मी येते परत. शुक्रवारी इथं सांगायचंय, पुढची तीन वर्षं राहते की नाही ते. मला कळेनासंच झालंय मी इथं कशाला आहे." सिग्नल सुटला, मागून बसनं हॉर्न दाबला, आई कुणाला तरी जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली आणि स्क्रीन काळी झाली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, आजींचं वाटलं. पण त्याच्या खालून, अगदी खालून, एक भलतंच काहीतरी उसळून वर आलं. येते परत, म्हणाली. मी येते परत. मला रिक्षातून उडी मारून रस्त्याच्या मधोमध गिरकी घ्यावीशी वाटली.

पण मी एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. आई इथं होती तेव्हा मी मुकी होते. खरंच. पाहुणे आले की आईच्या मागे, दुकानात आईच्या मागे, वर्गात मान वहीत. बाई नाव विचारायच्या आणि मागच्या बाकावरून कुणीतरी सांगायचं, ओवी. माझ्या वतीनं बोलायला आई होती ना. ती विमानात बसली त्या आठवड्यात गॅसवाल्याशी मला बोलावं लागलं. मग सोसायटीच्या सेक्रेटरीशी, मग बाबांच्या कंपनीतल्या एचआरच्या बाईंशी, आणि एक दिवस आमच्या बाईंनी स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन मला दिलं, कारण दुसरी मुलगी आजारी पडली. माइक हातात आला आणि माझा आवाज त्या मोठ्या मैदानावरून जाऊन पलीकडच्या बिल्डिंगला आपटून परत माझ्याकडे आला. मी ऐकतच राहिले. हा माझा! तेव्हापासून मी थांबतच नाही. रिक्षावाल्यांशी भाव करते, वादविवादात पोरांना गप्प करते, तात्यांना चष्म्याच्या दुकानात घेऊन जाते आणि दुकानदाराला सांगते, काका, काच स्क्रॅच आहे, बदला. सायली म्हणते, तू लई बदलली गं, आधी तुला बोलायला लावायचं म्हणजे विहिरीतून बादली काढल्यागत व्हायचं. आई गेली म्हणून मी अशी झाले. हे वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण म्हणत नाही. मध्येच दुसरा विषय काढते, स्वतःशीच. कारण हे खरं असेल तर मग मी कुठल्या तोंडानं म्हणू, ये? आणि तरी मला ती हवी आहे. तिचे थंड हात कपाळावर, तिचं ते घाईनं वेणी घालणं, केस ओढून, आई गं म्हणायला लावणारं. दोन्ही खरं आहे. एकाच पोटात दोन खरं कसं मावतं, हे मला कुठल्या बाईंनी शिकवलेलं नाही.

तात्या दुपारची झोप होऊन उठले होते, खिडकीशी बसून बडीशेप चघळत होते. बाबा सेकंड शिफ्टला. मी दाराशी उभी राहून सगळं एका दमात सांगितलं, मला आता तसं सांगता येतं. हेडविगआजी, मनगट, गोदावरी, खिडकी, अधिकार, शुक्रवार. सायली माझ्या मागे, उंबऱ्याबाहेर, तिलाही तिथंच थांबायची सवय. तात्या ऐकत होते तसतसं त्यांचं चघळणं मंद होत गेलं आणि थांबलं. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "सगळा म्हणाली? सुरुवातीच्या विष्णोराज्ञयापासून?" म्हटलं, हो म्हणे. "तिथी?" म्हटलं, "तिथी तिला कुठली माहीत असणार, तुम्ही जी शेवटची म्हणाला होतात तीच म्हणाली असेल." ते हसले का? त्यांच्या मिशा हलल्या एवढं मी पाहिलं. मग बराच वेळ ते भिंतीकडे बघत बसले, स्वयंपाकघराकडच्या भिंतीकडे, जणू ती त्यांनी आजच पाहिली. "एवढी वर्षं," म्हणाले, "मला वाटायचं मी एकटाच बसतो पूजेला."  मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गोदावरी म्हणाली म्हणजे मन इथंच आहे तिचं."  मी फोन काढायलाच निघाले होते. तर तात्या म्हणाले, "थांब, पोरी. अर्धं ऐकून पळू नको. मन कुठं का असेना, संकल्प जिथं बसलो तिथला सांगायचा असतो. दोष नाही, घाबरली होती, मुखात आलं ते म्हणाली. अधिकाराचं म्हणशील तर..." इथं ते हातातली बडीशेप उगाच या तळव्यातून त्या तळव्यात घेत राहिले. "तर मरणारी बाई मागत होती आणि देणारी दुसरी कुणी नव्हती. याहून मोठा अधिकार मला तरी कुणी दिला नव्हता. ती नदी कुठली म्हणालीस?" म्हटलं, वेझर. "वाहते कुठं?" मोबाइलवर बघून म्हटलं, उत्तरेला, मग समुद्राला. "मग तीर उत्तर-दक्षिण नाही व्हायचे, पूर्व-पश्चिम होतील. तिचं ते घर कुठल्या अंगाला आहे ते बघ म्हणावं. आणि शेवटी काय करणार ते सांगायचं राहिलं ना? सेवां करिष्ये म्हण म्हणावं. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी. तात्यांनी दोन शब्दांत माझ्या आईला परवानगी देऊन टाकली होती. जी कुणी मागितली नव्हती, पण आई जिची वाट बघत होती. आणि त्याच दोन शब्दांत तिला तिथं ठेवूनही दिलं होतं. सायली उंबऱ्याबाहेर डोळे पुसत होती. तात्या तिला म्हणाले, "तू का बाहेर उभी? ये की आत. पंखा तिकडे लागत नाही." ती आली, पलंगाच्या कडेवर टेकली, आणि तिला हात कुठं ठेवावेत ते कळेना.

आम्ही गच्चीवर गेलो. कपडे वाळत होते, टाकीचं पाणी तापून प्लॅस्टिकचा वास येत होता, पलीकडे कंपन्यांची पत्र्याची छपरं आणि त्यावरून उतरणारं विमान, चाकं बाहेर काढलेलं, इतकं खाली की खिडक्या मोजाव्यात. लहानपणी मला वाटायचं उतरणारं प्रत्येक विमान आपल्याकडेच येतंय. सायली म्हणाली, "आता सांगशील काय आत्याला?"

"जे म्हणाले ते."

"सगळं?"

मी एक वाळलेला टॉवेल ओढून घडी घालायला घेतला. सायली दोरीवरचे चिमटे काढून ओळीनं आपल्या ओढणीला लावत म्हणाली, "हे बघ, मी काय तुला शिकवत नाय. पण मन इथंच आहे, हे पण तात्याच म्हणाले ना? तेवढंच सांग. खोटं कुठंय त्यात? आत्या येईल शुक्रवारनंतर. दिवाळीला घरात राहील. तुझी परीक्षा, माझी परीक्षा. माझ्या आईला पण बरं वाटंल, ती रोज विचारती, नणंदबाई कधी येणार."

"आणि तात्या?"

"तात्या काय फोनवर येणारेत व्हय? कुणाला कळणारंय?"

कुणालाच नाही. तेच तर. निरोप्या मीच होते. दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत आणि मध्ये मी बोलते, माझ्या नव्या, मोठ्या, मैदानापलीकडे जाणाऱ्या आवाजानं, आणि त्यातलं अर्धं गिळलं तर जगात कुठं काही वाजणार नाही. आई येईल. सुखात येईल का? येईल, आधी काही दिवस. मग एखाद्या सकाळी पोळी लाटताना भिंतीपलीकडून तात्यांचा आवाज येईल, उत्तरे तीरे, आणि तिचा हात थांबेल. तिला वाटेल, मी तिकडे कुणाचा तरी पत्ता चुकवून आले. ती मला सांगणार नाही. माझ्याच वतीनं बोलून बोलून ती स्वतःचं कधी सांगत नव्हती, हे मला ती गेल्यावरच कळलं. मी सायलीला म्हटलं, "चिमटे काढ, ओढणी फाटेल." ती म्हणाली, "विषय नको बदलू." आणि माझं डोकं तिच्या खांद्यावर ओढून घेतलं. तिच्या केसांना आवळ्याच्या तेलाचा वास येत होता. आईच्या केसांना येतो तसा नाही, पण जवळचा.

संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मी दार लावून बसले होते. तिनं तोंड धुतलं होतं, युनिफॉर्म तसाच, दुसऱ्या कुणाची तरी ड्यूटी ती करत होती. "विचारलंस?" म्हटलं, विचारलं. आणि मग मी, वादविवादात पोरांना गप्प करणारी मी, शब्द शोधायला लागले. "तात्या म्हणाले," मी म्हटलं, "की गोदावरी म्हणालीस म्हणजे तुझं मन इथंच आहे."

आईचा चेहरा असा सैल झाला, दिवसभर डोक्यावर धरलेलं ओझं खाली ठेवल्यासारखा. "असं म्हणाले? तात्या?" मग हळूच, "मग येतेच मी, ओवी. इथं तरी कुणाला..." आणि ती हसली. मला जे हवं होतं ते सगळं त्या हसण्यात होतं. माझ्या घशात ते एक क्षणभर तसंच राहिलं, गोड, गरम. मी गिळलं नाही.

"आई, अजून आहे. त्यांनी मला थांबवलं होतं." आणि मी सांगितलं. मन कुठं का असेना. दोष नाही. याहून मोठा अधिकार मला तरी कुणी दिला नव्हता. वेझर उत्तरेला वाहते म्हणून तीर पूर्वेचं की पश्चिमेचं ते बघ. सेवां करिष्ये. "आणि शेवटी म्हणाले, पुढच्या वेळी."

"परत सांग."

"पुढच्या वेळी."

"अगदी असंच?"

"अगदी असंच. आणि सायलीला आत बोलावलं. पंख्याखाली."

 आईनं तोंडावर हात धरला. आणि मग मला राहवेना, माझा आवाज मोठा झाला, बाहेर तात्यांना ऐकू गेला असेल, जाऊ दे, "पण मला तू हवीयेस! हे तात्यांचं नाही, हे माझं आहे. मला तू हवीयेस आणि तू तिथं असावीस असंही वाटतं, आणि मला हे दोन्ही एकदम वाटतंय, काय करायचं ते तू बघ." आई म्हणाली, "ओवी, अगं..." आणि तेवढ्यात तिकडे घंटी वाजली, एकदा, मग लगेच पुन्हा. ती म्हणाली, "थांब हं, कट करू नको," आणि फोन कुठंतरी ठेवून गेली.

मला तिथलं छत दिसत होतं. पांढरं, एका कोपऱ्यात ओल आल्याचा पिवळा डाग. आपल्यासारखाच डाग, जर्मनीतही. चपलांचा आवाज, दार, आणि मग एका म्हाताऱ्या पुरुषाचा रागावलेला आवाज, कपाचा खणखणाट, काहीतरी सांडल्याचं. आई जर्मनमध्ये बोलली, मग जर्मन संपलं असावं, कारण पुढचं स्पष्ट मराठीत आलं, "उठू नका आजोबा, उठू नका, मी आहे ना. सांडला तर सांडला. दुसरा करू, त्यात काय." हा आवाज मला पाठ होता. मला ताप आला की याच आवाजात ती कपाळावर पट्टी ठेवायची. तो आवाज आता दुसऱ्याला मिळत होता, आणि मला मत्सर वाटला, कुणाला वाटावा तेवढा वाटला, मी उशी दाताखाली धरली. आजोबांना एक अक्षर कळलं नसणार. पण ते शांत झाले. मी इथं बसून ऐकलं ते शांत होणं.

बऱ्याच वेळानं छत हललं आणि आईचा चेहरा आला, बाहीवर चहाचा ओला डाग. ती धापा टाकत होती. पण डोळे दुपारचे नव्हते.

"आहेस अजून?"

"आहे."

"शुक्रवारी मी हो सांगणार आहे, ओवी." तिनं माझ्याकडे बघितलं, चुकलेलं पोर बघतं तसं. "रडतेयस?"

"हौ. रडू दे की जरा. तू जा, त्यांचा दुसरा चहा राहिलाय."